चौरसाचे वळण आणि खणाचा हिशेब

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस, अन्वा ह्या गावी बाराव्या शतकातील एक देवालय उभे आहे. गावात त्याला मढ म्हणतात. आज तेथे शंकराची पूजा होत असली, तरी बाहेरच्या भिंतीवर विष्णूची आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती, म्हणजे विष्णूच्या शक्ती, क्रमाने मांडलेल्या आहेत, आणि त्यामुळे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांत ह्या मंदिराचा लौकिक मोठा आहे. लोक त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. वस्तुतः हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील, देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा मंत्री, आणि मंदिर त्याच्या आधीचे. परंतु मराठवाड्यात चुन्यावाचून दगडावर दगड बसवलेला दिसला की त्याचे श्रेय हेमाडपंतांच्या खाती जमा करण्याचा प्रघात इतका जुना आहे, की त्याविरुद्ध तक्रार गुदरण्यात आता अर्थ राहिलेला नाही.

मंदिर पाहावयास आलेला मनुष्य प्रथम सभामंडपाच्या खांबांवरील नक्षीत गुंततो, नंतर मूर्तींपाशी थांबतो, आणि ज्या भिंतीवर त्या मूर्ती आहेत तिच्या वळणाकडे त्याचे लक्ष बहुधा जातच नाही. ही भिंत सरळ चालत नाही. ती थोडी पुढे येते, कोनात मोडते, मागे सरते, पुन्हा मोडते. आणि जोत्याच्या पहिल्या थरात जो कोन निघाला तोच वरच्या प्रत्येक थरातून चढत जातो, त्यामुळे उन्हाच्या वेळी त्या भिंतीवर छायेच्या उभ्या पट्ट्या पडतात आणि दगडाचा सारा भार हलका भासू लागतो. हे कोन किती काढावयाचे, कोठे काढावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे त्या काळच्या सूत्रधाराने कशाच्या आधारे ठरविले असेल? केवळ लहरीने ठरविले म्हणावे, तर लोणारच्या दैत्यसूदनापासून सिन्नरच्या गोंदेश्वरापर्यंतच्या मंदिरांत जे कुळसाम्य दिसते त्याचा उलगडा होत नाही. एकाने दुसऱ्याची नक्कल केली म्हणावे, तर दोन मंदिरे एकमेकांसारखी तंतोतंत आढळत नाहीत. लहर आणि नक्कल ह्या दोहोंच्या मध्ये ज्ञानाचा एक तिसरा प्रकार असला पाहिजे: थोडे नियम हाताशी असावेत, आणि त्यांतून एकाच कुळातील पुष्कळ निरनिराळ्या वास्तू निघाव्यात.

ह्या तिसऱ्या प्रकाराला शास्त्राचे रूप देण्याचा एक नेटका प्रयत्न गेल्या अर्धशतकात झाला आहे. १९७१ साली, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना शहरी संगणकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता, जॉर्ज स्टिनी आणि जेम्स गिप्स ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी चित्र व शिल्प ह्यांची रचना नियमांनी कशी सांगता येईल ह्याविषयी एक निबंध मांडला, आणि त्या पद्धतीस ‘शेप ग्रामर’, म्हणजे आकारांचे व्याकरण, असे नाव दिले. भाषेच्या व्याकरणाचा आदर्श त्यांच्यापुढे होता, आणि त्यामागे भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की ह्यांचा प्रभाव उघड होता. पाणिनीच्या देशातील वाचकाला थोड्या सूत्रांतून अगणित शुद्ध रूपे सिद्ध होतात ही गोष्ट नव्याने समजावून द्यावयास नको. नवी गोष्ट एवढीच की येथे अक्षरांच्या जागी रेषा आहेत. आरंभी एक आकृती घ्यावयाची. मग ‘अशी आकृती दिसली तर तिच्या जागी अशी आकृती काढावी’ ह्या स्वरूपाचे काही नियम ठरवावयाचे. आणि नियम लागू पडतो आहे तोवर तो लावीत जावयाचे. पुढचा नियम नेमका कोठे लावावा हे कळावे म्हणून आकृतीवर खुणेचे बिंदू ठेवतात, आणि काम संपले की ते पुसून टाकतात. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जे काम करतात तेच हे बिंदू करतात.

नियम म्हणजे काय हे कागदावर पाहिल्याखेरीज पटत नाही, म्हणून वाचकाने एक वर्तुळ काढावे आणि त्यात बसणारा एक चौरस काढावा. आता एकच नियम घेऊ: चौरस दिसला की त्याच मध्यबिंदूभोवती तो साडेबावीस अंश फिरवून दुसरा चौरस त्यावर काढावयाचा. हा नियम तीनदा लावला की चार चौरस एकावर एक येतात आणि वर्तुळाच्या परिघावर सोळा टोके उमटतात. चौथ्यांदा लावला तर फिरलेला चौरस पहिल्यावरच येऊन बसतो, आणि नियम आपोआप संपतो. दुसरा नियम असा, की आतल्या सगळ्या रेषा पुसून केवळ बाहेरची कड ठेवावी. उरते ती सोळा कोनांची तारका. तिसरा नियम असा, की चार मुख्य दिशांना जी चार टोके आली असतील ती काढून तेथे सपाट, रुंद, पुढे आलेले अंग बसवावे, ज्याला वास्तुग्रंथांत भद्र म्हणतात. पूर्वेकडील भद्राच्या जागी अंतराळ, म्हणजे गर्भगृह आणि मंडप ह्यांमधला दुवा, जोडावयाचे, म्हणजे गर्भगृहाला सभामंडप लाभतो. सोळातून चार गेले, बारा राहिले, प्रत्येक दोन भद्रांच्या मध्ये तीन तीन. एवढ्या तीन नियमांत तारकाकृती देवालयाच्या गर्भगृहाचा नकाशा तयार झाला.

आता ह्यातला एकेक नियम हलवून पाहावा. खरी मौज तेथे आहे. भद्राचा तिसरा नियम गाळला आणि फिरविण्याचा कोन साडेबावीसऐवजी पंधरा अंश केला, तर सहा चौरसांतून चोवीस टोकांची अखंड तारका निघते, आणि अशी तारका कर्नाटकात गदगजवळ दंबळ येथे, दोड्डबसप्पाच्या बाराव्या शतकातील मंदिरात, प्रत्यक्ष दगडात उभी आहे. सोळा टोकांची तारका म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरच्या केशव मंदिरात सापडते. फिरविण्याचा नियमच काढून टाकला आणि त्याच्या जागी चौरसाच्या बाजूवर काटकोनात पायऱ्यापायऱ्यांनी अंगे पुढे काढण्याचा नियम ठेवला, तर नकाशा अगदी वेगळ्या घराण्यात जाऊन पोहोचतो. म्हणजे दोन मंदिरांतला फरक ‘हे अधिक सुंदर, ते अधिक प्राचीन’ अशा ढोबळ भाषेत न सांगता, ‘ह्यात अमुक नियम आहे, त्यात तो नाही’ अशा नेमक्या भाषेत सांगता येतो. आकार-व्याकरणाचा विश्लेषणासाठी उपयोग म्हणतात तो हाच.

आपल्याकडील ग्रंथकारांना ह्या भेदांची जाण होती. धारच्या भोजाच्या नावावर असलेल्या अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ ह्या ग्रंथात भूमिज पद्धतीच्या प्रासादांचे चौरस, वृत्त आणि अष्टशाल असे वर्ग केलेले आहेत, आणि वर्तुळात चौरस फिरवून होणारी तारका ही त्यांपैकी वृत्तवर्गात मोडते. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलालेख ज्या मंदिरात आहे ते अंबरनाथ ह्याच भूमिज घराण्यातले. अलीकडे ॲडम हार्डी ह्या इंग्रज अभ्यासकाने ह्या घराण्यांच्या रूपांतरांचा बारकाईने मागोवा घेतला आहे. आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे कीर्ती त्रिवेदी ह्यांनी १९८९ साली ‘द व्हिज्युअल कॉम्प्यूटर’ ह्या नियतकालिकात, मंदिराचा पूर्ण आकार हा त्याच आकाराच्या लहान लहान प्रतिकृतींच्या पुनरावृत्तीतून कसा वाढत जातो हे संगणकाच्या भाषेत दाखविले. शिखराच्या अंगावर शिखराचीच छोटी रूपे, त्यांच्या अंगावर आणखी छोटी, अशी ही वाढ असते. तिच्यामागील नियम मोजके, परंतु निष्पत्ती विलक्षण समृद्ध.

एवढे ऐकल्यावर ‘पाहा, हे शास्त्र आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना होईल. माझे मत असे, की हा मोह आवरावा. वर दिलेले तीन नियम हे नकाशाचे स्पष्टीकरण आहे. अन्व्याच्या पाथरवटाच्या मनात तेच होते असा पुरावा त्यातून मिळत नाही. दोरी आणि खुंटी घेऊन तोच नकाशा दुसऱ्या क्रमाने, दुसऱ्या नियमांनीही काढता येईल. व्याकरणकार जे रचतो ते एक अनुमान असते, आणि त्याची परीक्षा तीन प्रकारे होते: ज्ञात वास्तू त्यातून निघाल्या पाहिजेत; पूर्वी कोणी न बांधलेल्या, परंतु जाणकाराला त्याच घराण्यातील वाटतील अशा वास्तूही निघाल्या पाहिजेत; आणि ज्या त्या घराण्यातील नव्हेत त्या निघता कामा नयेत. तिसरी परीक्षा सर्वांत अवघड, कारण ढिला नियम सगळ्यांनाच आत घेतो.

ह्या परीक्षेला उतरण्याचे पहिले मोठे उदाहरण म्हणजे स्टिनी आणि विल्यम मिचेल ह्यांनी १९७८ साली मांडलेले पॅलाडिओचे व्याकरण. आंद्रेआ पॅलाडिओ हा सोळाव्या शतकातील इटालियन स्थपती. त्याने १५७० साली वास्तुकलेवर चार भागांचा ग्रंथ छापला, त्यात आपल्या हवेल्यांचे नकाशे दिले, पण त्या नकाशांमागील नियम पुरतेपणी सांगितले नाहीत. ते काम चारशे वर्षांनी ह्या दोघांनी केले: आधी चौकटींची जाळी, मग बाहेरची भिंत, मग चौकटी एकमेकींत मिळवून खोल्या, आणि शेवटी दारे, खिडक्या व दर्शनी खांब. १९८१ मध्ये कोनिंग आणि आयझेनबर्ग ह्यांनी अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या प्रेअरी घरांचे व्याकरण रचले. त्यात घराचा आरंभ शेकोटीपासून होतो आणि बाकीचे घर तिच्याभोवती वाढते. आपल्या प्रांताच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल, तर स्टिनी आणि मिचेल ह्यांनीच १९८० साली मोगल बागांचे व्याकरण लिहिले. चौरस घ्यावा, पाटाने त्याचे चार भाग करावे, प्रत्येक भागाचे पुन्हा चार. जालन्याहून पश्चिमेस अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोग्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात उभे राहिले की हा नियम पायांखाली दिसतो, त्याला भाष्य लागत नाही.

ह्या सर्व विषयात मला स्वतःला जे सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच आहे. दोन चौरस घ्यावे आणि दुसरा पंचेचाळीस अंश फिरवून पहिल्यावर ठेवावा. काढले काय? दोन चौरस. दिसते काय? मध्ये एक अष्टकोन आणि त्याच्याभोवती आठ त्रिकोण, जे कोणीही काढलेले नाहीत. स्टिनी ह्यांचा आग्रह असा, की डोळ्याला अष्टकोन दिसत असेल तर अष्टकोनाचा नियम तेथे लागलाच पाहिजे. आकृती कशी काढली गेली हा तिचा पूर्वेतिहास झाला, आणि पूर्वेतिहासाने पुढच्या वाटा अडवू नयेत. रचना करणारा मनुष्य कागदाकडे पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर खेपेस त्याला काही वेगळे दिसते, ह्या अनुभवाला येथे शास्त्रात रीतसर जागा मिळाली. संगणकाची मात्र ह्यात पंचाईत झाली. कारण त्याच्या दप्तरी दोन चौरसांची नोंद असते, अष्टकोनाची नसते, आणि जे दप्तरात नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. ही अडचण दूर करण्याच्या कामी रमेश कृष्णमूर्ती ह्यांनी १९८० च्या सुमारास महत्त्वाची भर घातली: एकाच सरळीत येणारे सर्व तुकडे जोडून रेषा तिच्या पूर्ण लांबीने नोंदवावी, म्हणजे तिचा कोणताही भाग मागाहून शोधता येतो. तरीसुद्धा वक्र रेषा आणि त्रिमितीतील घनाकार आले की हे काम आजही सोपे नाही.

मंदिरे सोडून आता घरांकडे वळतो. जालना जिल्ह्यात ह्या व्याकरणाला खरा वाव तेथे आहे. अंबड, परतूर, जाफराबाद, घनसावंगी ह्या भागांतील जुने घर म्हणजे माळवदाचे घर: जाड भिंती, लाकडी खांब व तुळया, वर आडव्या कड्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे माप फुटांत नव्हे, खणांत सांगत. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधली जागा तो खण. जुन्या खरेदीखतांतही ‘इतक्या खणांचे घर’ असे लिहून खाली चतुःसीमा देण्याची वहिवाट होती, आणि तेवढ्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर उभे राहत असे. आकार-व्याकरणाला आरंभाची जी आकृती लागते ती अशी आयतीच आपल्या हाती आहे. खणाशेजारी खण ठेवीत गेले की रांग होते, आणि रांगेची एक बाजू मोकळी ठेवली की सोपा होतो. सोपा काटकोनात वळला, पुन्हा वळला, तिसऱ्यांदा वळून मूळ रांगेला मिळाला, की मध्ये चौक सापडतो आणि वाडा चौसोपी होतो. ज्या सोप्याला रस्ता लागतो त्यात ढाळज, म्हणजे प्रवेशाची देवडी, काढावयाची, परंतु तिचे दार आणि आतल्या माजघराचे दार पुष्कळदा एका रेषेत ठेवीत नसत, म्हणजे रस्त्यावरची नजर थेट माजघरात शिरू नये. घराणे वाढले तर मागे तोच क्रम पुन्हा, आणि वाडा दोन चौकी. राइटचे घर शेकोटीपासून आरंभते. आमच्या सुताराचे खणापासून निघते आणि चौकापाशी पूर्ण होते.

पण येथेच एक गंभीर इशारा दिला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत जी माणसे दगावली, त्यांतील असंख्य ह्याच माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली गाडली गेली. खणाचा नियम रेषेचा होता. त्या रेषेवर किती मातीचे ओझे आहे आणि जमीन हलली तर भिंतीतील दगड एकमेकांना धरून राहतील काय, ह्याविषयी तो मुका होता. रूपाचे व्याकरण शुद्ध असूनही घर पडू शकते. तथापि उलट बाजूही त्याच घटनेने दाखविली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे सरळ रांगांत बांधण्यात आली. घरे भक्कम होती. पण गल्ली, ओटा, भावकीचा शेजार हे काहीच त्या आखणीत नव्हते, आणि लोकांना अंगणे, पडव्या, आडोसे मागाहून आपापल्या अकलेने जोडावे लागले.

पोर्तुगालमधील एव्होरा शहरालगत मालागेरा ह्या वसाहतीत आल्वारो सिझा ह्या वास्तुविशारदाने १९७७ पासून सुमारे बाराशे घरांची योजना केली, आणि त्यात अंगणाभोवती घर हा एकच विचार ठेवून नकाशांत भरपूर विविधता आणली. झुझे दुआर्ते ह्यांनी २००१ साली एम. आय. टी. मधील आपल्या प्रबंधात त्या घरांचे व्याकरण रचले, आणि कुटुंबाची गरज सांगितली असता संगणक त्याच घराण्यातील नवा नकाशा कसा देऊ शकेल हे दाखविले. हा प्रयोग मला आपल्याकडील घरकुलांच्या संदर्भात फार विचार करण्याजोगा वाटतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. समजा, त्याचे सहा समान चौरस खण केले. एका खणाची बाजू दोन मीटरांहून किंचित अधिक भरते. सहा चौरस कडेला कड लावून मांडण्याचे प्रकार, फिरवलेले व उलटवलेले वेगळे न धरता, गणिताने नेमके ३५ आहेत. दोन रांगांत तीन तीन खण हा त्यांपैकी एकच, आणि घरकुलाची आपल्या डोळ्यांसमोरची ठरीव पेटी ती हीच. आता त्या पस्तिसांवर नियम लावीत जावे: दाराचा खण रस्त्याला लागला पाहिजे, चुलीच्या खणाला बाहेरची भिंत हवी, निजण्याच्या खणात जाण्यासाठी चुलीवरून जावे लागू नये. पुष्कळ मांडण्या गळतील. ज्या उरतील त्यांत एक अशी असेल: चार खणांची रांग, आणि तिच्या दोन्ही टोकांना एक एक खण पुढे काढलेला. ह्या मांडणीत सहा खणांखेरीज आणखी काही मिळते. दोन्ही टोकांच्या मध्ये दोन खणांची मोकळी जागा सापडते, तीन बाजूंनी घराने धरलेली. ती कोणी आखलेली नाही, सरकारी क्षेत्रफळात तिची गणना नाही, पण शेंगा फोडायला, बाज टाकायला, पाहुण्याला बसवायला बाईमाणसाच्या रोजच्या उपयोगाची तीच.

मात्र भिंतीचा हिशेब चुकवता येत नाही. पेटीच्या घराला बाहेरून खणाच्या दहा बाजूंएवढी भिंत लागते, ह्या दुसऱ्या घराला चौदा. बाहेरची भिंत दीडपटीच्या जवळ गेली म्हणजे विटा, सिमेंट आणि गवंड्याचे दिवस त्याच प्रमाणात वाढले, आणि अनुदानाची रक्कम मात्र दोन्ही घरांना सारखीच. ह्या व्याकरणात खर्चाचा नियमही घालता येतो, दुआर्ते ह्यांच्यासारख्यांनी गरजांचा घातला तसा. पण तो घातल्याबरोबर पस्तिसांतील पेटी पुन्हा सर्वांच्या पुढे येऊन उभी राहते. अशा वेळी अंगणाच्या त्या दोन खणांची किंमत किती धरावी आणि ती अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात लिहावी, हे पंचायत समितीच्या अभियंत्याला आणि घरमालकिणीला समोरासमोर बसूनच ठरवावे लागेल.